दिवाणजींच्या पोटातलं

घर भाड्यानं घ्यायला गेले, तर घरमालकिणीनं खोल्या दाखवायच्या आधी माझ्या नाकाखाली एक चिनी मातीची बरणी धरली.

"वास घे," ती म्हणाली. "आणि सांग, जुनं हाय का हळसलंय?"

मी नाशिकची. म्हैसूरला येऊन मला आठवडाही झाला नव्हता आणि कन्नडचा गंधही नव्हता. मला ऐकू आलं, "जुनं हाय का हसलंय?" बरणीत काहीतरी काळंकुळकुळीत चकाकत होतं. लोणचं कसं हसतं ते मला ठाऊक नव्हतं, पण शहराच्या बोगादी भागात गच्चीसकट दोन खोल्या त्या भाड्यात दुसरीकडे मिळणार नव्हत्या. म्हणून मी तोंडभर हसून म्हणाले, "हसलंय ना! छानच हसलंय!"

"अय्यो!" बरणी छातीशी धरून ती मागं सरली. "माझ्या सासूच्या हातचं लोणचं, आणि ही हळसलंय म्हणती!"

मग बराच वेळ खुलासे चालले. अन्न शिळं होऊन बिघडलं, आंबलं, की कन्नडात त्याला 'हळसलं' अशा अर्थाचा शब्द आहे. तिच्या सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. एके काळी कापड रंगवणारे आणि छापणारे. घरात मराठी टिकून होतं, पण त्याला कन्नडचे शब्द असे बिलगलेले की कुठलं कुठून आलं ते त्यांनाही सांगता येत नसे. मी लोणचं हसतं असं समजले होते हे कळल्यावर ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. घर मला मिळालं. "नाक कच्चं हाय," तिनं निकाल दिला, "पण शिकवता येईल."

सगळा रस्ता तिला अज्जी म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. तोंडावर "तुम्ही" म्हणायचे, मनात मात्र ती लवकरच "ती" झाली. आजीला मनात अहो-जाहो कोण करतं?

अज्जीच्या लेखी जगात दोनच प्रकार होते. जे जुनं आहे ते आणि जे हळसलंय ते. नव्याला तिच्या हिशेबात जागा नव्हती, कारण नवं म्हणजे यापैकी काय होणार हे अजून ठरायचंय, एवढंच. डब्यांवर छापलेल्या तारखांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "छापणारा कारखान्यात, डबा माझ्या घरात," ती म्हणायची, "त्याला काय दिसतंय?" ती आधी झाकण हुंगायची, मग आतली वस्तू. हुंगताना डोळे मिटायची आणि बोलणाऱ्याला हातानं गप्प करायची. नाक्यावरचा दूधवाला तिला लांबून येताना बघूनच पिशव्या पुढं करायचा. रविवारी सकाळी ती वर येऊन माझा फ्रीज तपासायची आणि मी "चांगलं आहे की अजून" म्हणून जपलेल्या गोष्टी एकेक करून बाहेर काढायची. उलट मी टाकायला काढलेला काळा पडलेला गूळ तिनं दोन्ही हातांनी घरी नेला. माझं पोट बिघडलं तेव्हा त्याच सासूच्या लोणच्याची इवलीशी फोड तिनं मला चाटायला लावली. पोट दुपारपर्यंत ताळ्यावर आलं, हे कबूल करायला हवं.

माणसांनाही हीच कसोटी होती. समोरच्या घरातलं नवंकोरं जोडपं रोज भांडायचं. "लग्न नवं हाय," अज्जी म्हणाली, "पण हळसलं." टीव्हीवरच्या पुढाऱ्याचं भाषण ऐकता ऐकता तिचं नाक आपोआप आक्रसायचं. मी हूटगळ्ळीच्या आमच्या कंपनीतल्या रोजच्या मीटिंगबद्दल सांगितलं, तर ती खरोखरीच्या काळजीनं म्हणाली, "रोज तेच तेच बोलताव, हळसत न्हाई?"

तिला एका गोष्टीचा फार अभिमान होता. तिच्या माहेरी एक काका दारूपायी घरदार घालवून बसला होता. म्हणून तिच्या वडिलांनी लग्नाआधी होणाऱ्या जावयाला चामुंडीच्या बेट्टावर, म्हणजे डोंगरावर नेलं आणि देवीसमोर शपथ घ्यायला लावली की या घरात दारूचा थेंब येणार नाही. यजमान, म्हणजे तिचे पती, एका रेशीम गिरणीत रंगखात्यात होते. मी राहायला गेले तेव्हा त्यांना जाऊन काही वर्षं झाली होती. "थेंब आला न्हाई," अज्जी सांगायची. "लोकांच्या घरी काय काय आलं. आमच्या घरी थेंब न्हाई." यातले 'लोक' म्हणजे तिची नणंद. वन्सं गावात राहायच्या आणि त्यांच्या यजमानांनी मात्र जन्मभर मनसोक्त घेतली होती. वन्सं आल्या की थेंबाचा विषय हमखास निघायचा. वन्सं बिचाऱ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत कॉफी प्यायच्या. मला ते कधी आवडलं नाही. पण अज्जीच्या तोंडाला कोण लागणार!

आता दिवाणजी. नवरात्रात म्हैसूरला घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्यांचा दरबार मांडतात, त्याला गोंबे म्हणतात. वर राजाराणी, खाली देव, वाजंत्रीवाले, वाणी, भाजीवाल्या. अज्जीचे गोंबे बघायला बायका दुरून यायच्या, कारण ती प्रत्येक बाहुलीची गोष्ट सांगायची आणि गोष्टीत कधी खोटं घालायची नाही. "मोडलेल्या बाहुलीला मोडलेली म्हणायचं," हा तिचा नियम. या दरबारात राजाराणीच्या खालच्या पायरीवर एक लठ्ठ गृहस्थ बसलेले असत. गोरापान चेहरा, पांढऱ्या मिशा, लाल कोट, डोक्यावर जरीचा म्हैसुरी पेटा, कपाळावर वर्षानुवर्षांचं कुंकू. हे दिवाणजी. गिरणीत यंत्र बसवायला आलेल्या एका परदेशी साहेबानं जाताना यजमानांना भेट दिले होते. त्यांना उचललं की पोटात गुळुक आवाज व्हायचा. अज्जी म्हणायची, "नोड, बघ, दिवाणजी हो म्हणाले." पोरं त्यांना काहीबाही प्रश्न विचारायची आणि ती त्यांना हलवून हो म्हणायला लावायची.

दरबाराचा फोटो मी एकदा ऑफिसात दाखवला. आमच्याकडे एक ज्येष्ठ सर होते. जुन्या, न उघडलेल्या दारूच्या बाटल्या जमवायचा त्यांना नाद. त्यांनी फोटो मोठा केला, दिवाणजींवर बोट ठेवलं आणि चष्मा काढून पुसला. "ही बाहुली नाही," ते म्हणाले. "ही व्हिस्कीची बाटली आहे. अशा मातीच्या माणसांच्या बाटल्या निघायच्या. डोक्यावरची टोपी उपसली की बूच."

मी घरी येऊन अज्जीला सांगितलं. दसरा जवळ आला होता आणि ती ट्रंकेतनं गोंबे काढत बसली होती. ती आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी हसत नाही.

"पोटात पाणी हाय," ती म्हणाली. "आणलं त्या दिवशीच मी विचारलं होतं, पोटात काय? यजमान म्हणाले, पाणी. वजनाला." आणि मग जरा मोठ्यानं, "बोलाव तुझ्या सरांना. दिवाणजींच्या पाया पडून जातील."

सर आले ते विजेरी आणि छोटा वजनकाटा घेऊन. आल्याआल्या त्यांनी दिवाणजींना हात जोडले, त्यामुळे अज्जीनं त्यांना कॉफी दिली. दोघांचं कन्नडात चाललं होतं. तोवर मला ते कळू लागलं होतं.

"तुम्ही बाटल्या जमवता, मग पिता कधी?" अज्जीनं विचारलं.

"पीत नाही. ठेवतो."

"लोणचं तरी पानात वाढता येतं," अज्जी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली.

सरांनी दिवाणजींना कानाशी नेऊन हलवलं आणि पेट्याकडे बोट दाखवलं. हा सोडावा लागेल, त्याखाली काय आहे ते बघायचंय. अज्जीनं झटकन दिवाणजींना ओढून घेतलं. पेटा सोडायचा नाही, ही यजमानांची सक्त ताकीद होती. त्यांनी स्वतःच्या हातानं तो बांधला होता आणि सांगितलं होतं की पेटा सुटला की दिवाणाचा मान गेला. इतक्या वर्षांत तिनं धूळसुद्धा पेट्याच्या कडेकडेनंच पुसली होती.

सर म्हणाले, "राहू द्या मग." ते खरंच उठायला लागले. पण अज्जीनं त्यांना बसवलं. पेटा तसाच राहिला तर शंकाही तशीच राहणार होती, आणि शंका थेंबाची होती. तिनं स्वतः गाठ सोडली. जरीचं कापड वेटोळ्या वेटोळ्यांनी खाली आलं. आत काळी उंच टोपी निघाली. टोपी आणि डोक्याच्या सांध्यावर पिवळी पडलेली कागदी पट्टी चिकटवलेली होती, आणि टोपीच्या काठाला सोनेरी, ठसठशीत इंग्रजी अक्षरं होती. मी ती मोठ्यानं वाचली नाही. अज्जी इंग्रजी वाचायची नाही, पण माझा चेहरा तिला वाचता येत होता.

"पाणी म्हणाले होते," ती म्हणाली.

सरांनी काट्यावर वजन घेतलं, मनाशी आकडेमोड केली आणि सांगितलं की निम्मी उरली असेल.

"निम्मी गेली कुठं?" अज्जीचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. यजमान घरात बाटली घेऊन आले, हे एक झालं. ते ती चोरून पीत होते का, हे आता कळणार होतं.

सरांनी विजेरी लावून पट्टी कडेकडेनं तपासली. मग पट्टीवरून अज्जीचं बोट फिरवलं. "बघा, कुठं फाटली नाही, पुन्हा चिकटवलेली नाही. ही बाटली कुणी उघडलेलीच नाही. बूच वाळतं, मग आतलं हळूहळू उडून जातं. माणसानं नाही, हवेनं प्यायली."

अज्जीनं श्वास सोडला. मग ती वाकली, डोळे मिटले, आम्हाला हातानं गप्प केलं आणि सांध्याशी नाक नेलं. जन्मात पहिल्यांदाच ती त्या वासाच्या एवढ्या जवळ गेली असेल. पण नाकाला त्याचं काय! नाकानं आपलं काम केलं.

"हळसलं न्हाई," ती डोळे न उघडता म्हणाली. मग कपाळाला आठी घालून, "पण जुनं बी वाटत न्हाई. हे काय हाय?"

सर खूश झाले. हेच तर, ते म्हणाले. व्हिस्की पिंपात असते तोवर मुरते, तिचं वय वाढतं. एकदा बाटलीत भरली की वय तिथंच थांबतं. मग कितीही वर्षं ठेवा, ती जुनी होत नाही, आणि बूच धड असेल तर बिघडतही नाही. अज्जी त्यांच्याकडे बघतच राहिली. जुनं नाही आणि हळसलेलंही नाही, अशी वस्तू तिच्या जगात आजवर आलीच नव्हती, आणि आली ती नेमकी दारू.

"मग प्यायची की ठेवायची?" मी विचारलं.

काचेची असती तर पिऊन बघा म्हटलं असतं, सर म्हणाले. पण ही रंगवलेल्या मातीची. तिच्या झिलईत शिसं असू शकतं आणि ते इतक्या वर्षांत दारूत उतरलेलं असू शकतं. ते विष. म्हणून प्यायची नाही. जमवणाऱ्यांना मात्र हवी असते. सरांना स्वतःलाही मोबदला देऊन घ्यायला आवडेल. फक्त निम्मी उडालीय, खोकं नाही, आणि कपाळावर कुंकवाचा डाग आहे, त्यामुळे किंमत उतरते.

"कुंकवानं किंमत उतरते?" अज्जी ताठ झाली. "कॉफी घेतली ना? या आता."

सर गेले. मला वाटलं आता अज्जी हसेल, सरांची नक्कल करेल. ती सोडलेला पेटा बोटांवर गुंडाळत बसली. "अक्षरं टोपीवर होती," ती म्हणाली. "पेटा त्यांनी बांधला. त्यांना इंग्रजी येत होतं." मला फार वाईट वाटलं. प्यायले नाहीत हे खरं, पण देवीपुढची शपथ मोडून थेंब घरात आणला, तिला पाणी म्हणून सांगितलं, आणि ती इतकी वर्षं त्याच शपथेची बढाई मारत राहिली.

दिवाणजी ट्रंकेत परत गेले. राजाराणीच्या खालची पायरी मोकळी राहिली. रविवारी अज्जी माझा फ्रीज बघायला आली नाही. मी मुद्दाम आंबट झालेलं दही घेऊन खाली गेले, तर "बरं हाय" म्हणून तिनं वास न घेताच परत दिलं. तेव्हा मी घाबरले.

हळदीकुंकवाच्या दुपारी बायकांनी हॉल भरला. मी हरभऱ्याची उसळ वाटत होते. अज्जी एकेका बाहुलीची गोष्ट सांगत होती, पण शाळेत धडा म्हणून दाखवावा तशी. वन्सं बसल्या बसल्या पायऱ्या न्याहाळत होत्या.

"वैनी, दिवाणजी कुठं?"

दिवाणजी फुटले म्हणून सांगता आलं असतं. पण बाहुल्यांबद्दल अज्जी खोटं बोलायची नाही. ती आत गेली आणि दिवाणजींना घेऊन आली, उघड्या टोपीनं, सोनेरी अक्षरांसकट.

"वन्सं, ह्याच्या पोटात दारू हाय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "यजमानांनी आणली. मला पाणी म्हणून सांगितलं. एवढी वर्षं तुम्हाला मी थेंब न्हाई, थेंब न्हाई म्हणत आले, आणि हा गडी पोट भरून पायरीवर बसलेला. मी त्याला आरती करत होते."

सगळ्या बायका वन्संकडे बघू लागल्या. आता त्यांची पाळी होती, आणि ती त्यांनी कितीतरी कॉफ्या खाली बघत पिऊन कमावलेली होती. वन्सं उठल्या. जवळ येऊन त्यांनी दिवाणजींना नीट पाहिलं.

"आमचा अण्णा प्यायला होता?"

"न्हाई. पट्टी तशीच हाय."

"मग ऐका," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही नव्या नवरी होता. मी इथंच होते. घरात कुणाशी बोलत नव्हता, जेवत नव्हता. अण्णा पुडकं घेऊन आला, साहेबानं काय दिलंय ते त्यालाबी ठाऊक नव्हतं. तुम्ही फोडलं आणि दिवाण, दिवाण म्हणून नाचलात. या घरात पहिल्यांदा हसलात तुम्ही, वैनी. मग त्यानं वाचलं असणार. काय करणार होता? हातातनं काढून घेणार होता? पोटात ठेवलं त्यानं. मलाबी कधी बोलला न्हाई."

अज्जीचे डोळे भरले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं दिवाणजींना त्यांच्या पायरीवर बसवलं. करंडा उघडून चांगलं चिमूटभर कुंकू त्यांच्या कपाळाला दाबून लावलं. मग भिंतीवरच्या यजमानांच्या फोटोकडे बघत ती वन्संना म्हणाली, "त्यांनी पोटात ठेवलं. आता मी पोटात घालते."

मी उसळीचं पातेलं खाली टाकून दिवाणजींवर झडप घातली. "अज्जी, नको! त्यात शिसं आहे!"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मी दिवाणजींना घट्ट कवटाळून उभी, आणि ते पोटात गुळुक म्हणाले.

"अय्यो, दारू न्हाई गं," अज्जी म्हणाली. "त्यांचा अपराध."